का, बा, ऊ, ओ : एकाक्षरी शब्दांच्या प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४, देगलूर

वाचनालयाच्या समितीनं आज होकार दिला. २१ फेब्रुवारीच्या जागतिक मातृभाषा दिनाला हॉलमध्ये मांडणी करायची. विषय एकाक्षरी शब्दांचा, फार तर दोन अक्षरांपर्यंत जायचं. एकच आवाज कुठल्या भाषेत काय अर्थानं नांदतो आणि तिथे तो कुठून आला, हे कार्डावर लिहायचं.

निमित्त झालं फोनवर फिरणाऱ्या एका मजकुराचं. 'जपानी माणूस प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी का म्हणतो, आपणही म्हणतो, म्हणजे जपानी मराठीतून निघाली.' अकरावीतली दोन मुलं तो घेऊन वाचनालयात आली आणि हे खरं का, असं विचारलं. नुसतं 'खोटं आहे' म्हणून त्यांना परत पाठवणं मला बरं वाटलं नाही. कसं तपासायचं हे त्यांच्या हाती यायला हवं.

या कामाला देगलूरसारखी जागा नाही. बाजारात मराठी, तेलुगू, दखनी (दक्षिणेतली उर्दू बोली) आणि कन्नड एकाच दुकानात ऐकू येतात, बंजारा तांड्यावरून आलेल्या बायका आपसात गोरमाटी बोलतात. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्रात आणि बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूरमध्ये गेलं. सोयरिकी आणि बाजारहाट तसेच चालू राहिले.

१६ नोव्हेंबर

कार्डाचा नमुना ठरला. आवाज, भाषा, अर्थ, जुनं रूप, कोणाकडून ऐकलं. तीन पेट्या: वारसा, उसनवारी, योगायोग. जुनं रूप मिळाल्याशिवाय कुठलंही कार्ड पेटीत टाकायचं नाही, ही अट मी आग्रहानं घातली आहे.

आपल्याकडे या प्रकारच्या कोशाची परंपरा आहे. पुरुषोत्तमदेवाचा संस्कृत 'एकाक्षरकोश' एकेका अक्षराचे अर्थ देतो. ख म्हणजे आकाश, म्हणून आकाशात जाणारा तो खग. क म्हणजे ब्रह्मा, वायू, सूर्य, पाणी. पण तो एका भाषेचा कोश आहे. आपल्याला आवाज धरून भाषा ओलांडायच्या आहेत.

मुलांना आधी एक हिशेब घालून दिला. एखाद्या भाषेत वीस व्यंजनं आणि पाच स्वर धरले तर 'व्यंजन अधिक स्वर' असे शंभर आवाज होतात. क, ब, म, न, त आणि आ, ई, ऊ हे जगातल्या बहुतेक भाषांत आहेत. भाषा सुमारे सात हजार. प्रत्येकीत रोजच्या वापराचे कितीतरी शब्द एवढेसेच. मग तेच शंभर आवाज पुन्हापुन्हा वापरले जाणारच. जुळणी झाली नसती तरच नवल. पाच-सहा अक्षरांचा शब्द अर्थासकट जुळला तर थांबून बघावं. एका अक्षराची जुळणी फुकट मिळते.

२३ नोव्हेंबर. 'का'

मुलांच्या प्रश्नाचं कार्ड आधी घेतलं.

मराठी 'का' हा संस्कृतातल्या किम्, कः या घराण्यातला. ज्ञानेश्वरीत तो 'कां' असा अनुस्वारासकट भेटतो. या घराण्याचे युरोपातले नातलग बघितले की डोळे उघडतात. संस्कृत कः, लॅटिन क्विस, इंग्रजी हू. संस्कृत कतर, इंग्रजी व्हेदर. या सगळ्या ज्या एका मूळ भाषेतून आल्या, तिच्यातला 'क्व' आवाज संस्कृतात 'क' झाला आणि इंग्रजीच्या पूर्वजांत 'ह्व' झाला. चक्र आणि व्हील हीसुद्धा तीच जोडी. चक्रातला पहिला 'च' मुळात 'क' होता. म्हणजे आपल्या 'का'चा खरा भाऊबंद इंग्रजीतला 'व्हॉट' आहे, आणि दोघांच्या तोंडावळ्यात काहीही साम्य उरलेलं नाही.

जपानी 'का'ही प्रश्नाचाच, आणि आठव्या शतकातल्या जपानी कवितांतही तो 'का'च होता. त्याला या 'क्व'शी जोडणारा एकही नियम नाही. जपानीत 'का' म्हणजे डाससुद्धा. पेटी: योगायोग.

हिंदीचा 'रामका' मधला 'का' तिसराच. तो 'करणे'च्या कृत या रूपापासून झिजत आला. गंमत अशी, की देगलूरच्या बाजारात रोज ऐकू येणाऱ्या 'किसका?' या एका शब्दात दोन्ही घराणी शेजारी बसलेली आहेत. 'किस' किम्च्या घरचा, 'का' कृतच्या घरचा. मुलांनी हे तीनदा म्हणून बघितलं.

प्राचीन इजिप्तमधला 'का', म्हणजे माणसाची जीवनशक्ती, हेही कार्ड कोणीतरी आणलं होतं. ते बाजूला काढलं. इजिप्तच्या चित्रलिपीत स्वर लिहीत नसत. 'का', 'बा', 'रा' हे उच्चार आजच्या अभ्यासकांनी सोयीसाठी ठरवलेले आहेत. जो आवाज आपण स्वतः भरला, त्याच्या जुळणीला पुरावा म्हणता येत नाही.

१ डिसेंबर. 'बा' आणि 'रा'

आमच्याकडे 'बा' म्हणजे बाप. विठोबा, तुकोबातला 'बा'ही आदराचाच. गुजरातीत बा म्हणजे आई. कस्तुरबांना सगळा देश 'बा' म्हणत होता. फारसीत बा म्हणजे सह, तो आपल्याकडे बाकायदा, बाइज्जतमध्ये येऊन राहिला आणि समोर बेकायदा, बेइज्जतमधला 'बे' उभा राहिला. चिनी भाषेत बा म्हणजे आठ, सूर उतरता केला की बाप. फिलिपिन्सच्या टागालोगमध्ये 'बा' प्रश्न विचारतो.

पण आजचा सगळा वेळ घेतला तो कन्नड 'बा'नं. बीदरकडच्या एक शिक्षिका मदतीला आल्या होत्या. कन्नडात 'बा' म्हणजे ये, मोठ्यांना 'बन्नि'. आमच्या बांगड्यावाल्या तेलुगू मावशी शेजारीच होत्या, त्या म्हणाल्या, आमच्यात 'रा', मोठ्यांना 'रंडि'. हा शब्द मराठी कानाला शिवीसारखा लागतो, म्हणून एका सभासदानं कार्डावर नको असं सुचवलं. मी ठेवला. सीमेवरच्या घरात पाहुण्याचं सर्वांत अगत्यानं स्वागत करणारा तो शब्द आहे. तो चुकीच्या अर्थानं ऐकला जातो म्हणून तर त्याचं कार्ड हवं.

मग द्रविड भाषांचा व्युत्पत्तिकोश काढला. बरो आणि एमेनो यांचं हे काम १९६१ साली पहिल्यांदा छापलं गेलं, सुधारलेली आवृत्ती १९८४ची. त्यात तमिळ 'वा', कन्नड 'बा' आणि तेलुगू 'रा' एकाच धातूखाली दिलेले आहेत. तमिळच्या 'व'च्या जागी कन्नडात 'ब' येतो, आणि तेलुगूत स्वराची जागा बदलून पुढचा 'र' आघाडीला आला. शिक्षिका आणि मावशी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीचा 'बा' आणि दुसरीचा 'रा' सख्ख्या बहिणी, आणि मराठी 'बा' हुबेहूब असून परका. वारसा पेटीत पडलेलं हे पहिलं कार्ड.

८ डिसेंबर

दोघी पुन्हा आल्या आणि आजचा दिवस प्रकल्पातला सगळ्यात भरघोस गेला. मी एक शब्द मराठीत विचारायचा, दोघींनी आपापल्या भाषेत सांगायचा, मुलांनी फळ्यावर लिहायचा.

दूध: पालु, हालु. साप: पामु, हावु. फूल: पुव्वु, हूवु. वाघ: पुलि, हुलि. डुक्कर: पंदि, हंदि. जा: पो, होगु. डोक्यातली ऊ: पेनु, हेनु.

चौथ्या शब्दापासून मुलं शिक्षिकांच्या आधी उत्तर देऊ लागली. तेलुगूत 'प', तिथे कन्नडात 'ह'. हळे कन्नड म्हणतात त्या जुन्या भाषेत दुधाला 'पाल्'च म्हणत. साधारण दहाव्या शतकानंतर लेखांतून 'ह' दिसू लागतो. नातं ओळखायची खूण हीच: नियमानं येणारा फरक. न ऐकलेला शब्दही आधीच सांगता येतो, इतका तो पक्का. जपानी 'का' आणि मराठी 'का' यांच्याबाबत असा दुसरा एक शब्द सांगून दाखवा, असं मी त्या दोन मुलांना म्हणालो. त्यांनी प्रयत्न केला. मग स्वतःच कार्ड योगायोगाच्या पेटीत परत ठेवलं.

किनवटकडचा एक विद्यार्थी घरी गोंडी बोलतो. गोंडीतही दूध पालच. आणि 'पेन' म्हणजे देव. आपण खिशाला लावतो तो पेन लॅटिनमधल्या पिसावरून आला आहे, पिसानं लिहीत म्हणून. तेलुगूत ऊ, गोंडीत देव, इंग्रजीत लेखणी. त्या मुलानं हे कार्ड स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

१५ डिसेंबर

सर्वनामं पटकन उरकली. तेलुगूत 'ना' म्हणजे माझा, 'नी' तुझा, 'मी' म्हणजे तुमचा. मराठी 'मी' संस्कृत 'मया'पासून आला, तेलुगू 'मी' कन्नडच्या 'नीवु'चा नातलग. एकाचा मी तो दुसऱ्याचा तुम्ही.

तेलुगू-कन्नडात नुसत्या स्वरांचे शब्द आहेत: 'ई' म्हणजे हा-ही-हे, 'आ' म्हणजे तो-ती-ते.

मराठी 'तू' मात्र खरा वारसा. लॅटिन तू, लिथुआनियन तू, फारसी तो. इथे आवाजही जुळतो आणि नियमही. म्हणजे साम्य दिसलं की खोटंच, असंही मुलांनी समजायला नको.

२२ डिसेंबर. 'ऊ', 'जू', 'ओ'

आज शेतावर. फोनवर आवाज नोंदवायचे होते. बैलांच्या मानेवर ठेवतात ते जू, त्याला लावतात त्या खुंट्या शिवळा. हे शब्द ट्रॅक्टरवाल्या घरांतून चालले आहेत, म्हणून मुद्दाम म्हाताऱ्या गड्याच्या तोंडून घेतले.

जू आलं संस्कृत युगपासून. लॅटिन युगुम आणि इंग्रजी योक त्याचे सख्खे. हिंदीत मात्र जूँ म्हणजे डोक्यातली ऊ. ती आली यूकापासून. आणि आपली 'ऊ'? तीही यूकापासूनच. प्राकृतात जूआ आणि ऊआ अशी दोन्ही रूपं चालत होती. हिंदीनं एक धरलं, मराठीनं दुसरं. म्हणून मराठी जू आणि हिंदी जूँ ऐकायला जवळ आणि नात्यानं परके, तर ऊ आणि जूँ एकाच घरच्या.

आता फ्रेंच. फ्रेंचमध्ये 'ऊ' म्हणजे कुठे. 'ऊ' म्हणजे किंवा. ऑगस्ट महिन्यालाही पुष्कळजण 'ऊ'च म्हणतात. पहिला लॅटिन उबीपासून, दुसरा औतपासून, तिसरा साक्षात ऑगस्टस या सम्राटाच्या नावापासून. लिहिताना तिन्हींची अक्षरं वेगळी. झीज उच्चारात झाली, लेखणीनं जुन्या खुणा जपल्या.

फ्रेंचमध्ये पाण्याला 'ओ' म्हणतात, लॅटिन आक्वाचं उरलेलं रूप. स्वीडिश भाषेत 'ओ' म्हणजे लहान नदी. मला वाटलं हाही योगायोग निघणार. पण स्वीडिशचा 'ओ' स्कँडिनेव्हियाच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या 'आ'पासून आला, तो त्याआधीच्या 'आह्वो'पासून, आणि आह्वो हा आक्वाचा भाऊ. दोन भाषांनी एकच मूळ शब्द आपापल्या वाटेनं झिजवत नेला आणि शेवटी दोघींच्या हाती तोच एक स्वर उरला. असं कार्ड पुन्हा मिळणार नाही. आपण हाकेला ओ देतो, तो यांच्यातला कोणी नाही.

५ जानेवारी २०२५. आईबापाचे शब्द

मुलं उत्साहानं मामा, बाबा, पापाची कार्डं घेऊन येतात. ही सगळी वेगळ्या पाकिटात ठेवायची. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९६० साली याचं कारण मांडलं: बाळाच्या ओठांना आधी येतात ते म, ब, प आणि आ. बाळ आवाज काढतं, अर्थ घरचे देतात. त्यामुळे जगभर हेच आवाज आईबापाला मिळतात, आणि कोणाला कुठला मिळेल याचा भरवसा नाही. जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे बाप, आई म्हणजे देदा. आपला मामा आईचा भाऊ. तुर्की बाबा बाप, रशियन बाबा म्हातारी. तांड्यावरची मुलगी म्हणाली, आमच्यात आई म्हणजे याडी. तो शब्द या साच्यातच बसत नाही, म्हणून तिचं कार्ड पाकिटावर बाहेरून चिकटवलं.

अक्का, अण्णा, अप्पा यांचं मात्र ठरलं: उसनवारी. थोरली बहीण, थोरला भाऊ, बाप या नेमक्या अर्थांनी ते सगळ्या दक्षिणेत नांदतात आणि मराठीत तिथूनच आले.

१२ जानेवारी

उसनवारीची पेटी भरतेय. दोन्ही दिशांची कार्डं हवीत हा माझा हट्ट. मराठीनं फारसीकडून घेतलं ते सगळे सांगतात, मराठीनं दिलं ते कोणी सांगत नाही. दखनी माणूस 'नक्को' म्हणतो ते आपलं 'नको'. 'मैंच बोला', 'आज इच आया' मधला जोर देणारा 'च' आपला. दिल्लीची बोली मुहम्मद तुघलकाच्या राजधानीबरोबर १३२७ साली दौलताबादेत आली आणि इथल्या शेजारानं तिला हे दोन शब्द दिले. हैदराबादपर्यंत ते पोचले.

'बद'चं कार्ड. बदनाम, बदमाश मधला बद फारसी. इंग्रजी बॅडचाही तोच अर्थ. इतकं जवळचं साम्य बघून नातं वाटावंच. पण इस्लामपूर्व इराणच्या पहलवी भाषेत तो शब्द 'वद' होता. जितकं मागे जावं तितके दोघे एकमेकांपासून लांब जातात, आणि नातं असेल तर उलट व्हायला हवं. ही कसोटी मोठ्या अक्षरात भिंतीवर लावायची.

तिच्याखाली ऑस्ट्रेलियातलं उदाहरण. क्वीन्सलंडमधल्या म्बाबारम या भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत. १९६०च्या दशकात आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी अल्बर्ट बेनेट या वृद्ध भाषिकाकडून ते नोंदवलं. शेजारच्या यिदिन भाषेत कुत्रा 'गुडागा'. म्बाबारममध्ये शब्दाचं पहिलं अक्षर आणि शेवटचा स्वर नियमानं गळत गेला, आणि जे उरलं ते इंग्रजीशी जुळलं.

१९ जानेवारी. 'हो'

या एका शब्दापाशी माझ्या तीन पेट्या अपुऱ्या पडल्या.

मराठी होय, कन्नड हौदु, तेलुगू अवुनु. बाजारात दखनी 'हौ'. होय आलं संस्कृत भवतिपासून, प्राकृत होइ, मग होय. म्हणजे 'होतं, आहे'. हौदु आलं जुन्या कन्नडच्या अहुदुपासून, आणि ते 'आगु' म्हणजे होणे या क्रियापदाचं रूप. अवुनुही तेलुगूतल्या 'होणे'चंच. धातू वेगवेगळे, घराणी वेगवेगळी, त्यामुळे वारसा नाही. कोणी कोणाचा शब्द उचललेला नाही, त्यामुळे उसनवारी नाही. पण तिन्ही भाषांनी होकार 'होण्या'तून घडवला, आणि या तिघी शेकडो वर्षं एका अंगणात राहिल्या आहेत. मी याला योगायोग म्हणायला तयार नाही.

मग असेच आणखी शब्द आठवू लागले. मराठीत आपण आणि आम्ही वेगळे. समोरच्याला धरून 'आपण', वगळून 'आम्ही'. हिंदीच्या 'हम'मध्ये हा फरक नाही. तेलुगूत आहे: मनमु आणि मेमु. 'आपण' शब्द संस्कृत आत्मन्पासूनचा, पण त्याला दिलेलं काम द्रविड शेजाराकडचं, असं अभ्यासक मानतात. तसंच 'म्हणून'. 'येतो म्हणून सांगितलं' इथे मराठी 'म्हणणे' वापरते, तेलुगू 'अनि' वापरते, कन्नड 'अंत' वापरते, ते सगळे 'म्हणणे'चेच. आणि दखनीनं यांच्यात राहून 'बोलके' घडवलं: 'आता बोलके बोला'. शब्द उत्तरेचा, वापर इथला.

चौथी पेटी केली. नाव 'शेजार'. मराठवाड्यातल्या माणसाला स्वतःच्या बोलीबद्दल संकोच वाटतो, पुण्याकडे गेलं की तो आवाज खाली आणतो. त्याच्या बोलीत तीन-चार भाषांचा विचार मुरलेला आहे, हे त्याला कार्ड हातात देऊन दाखवता येईल. सगळ्या प्रकल्पात मला हीच पेटी सर्वांत मोलाची वाटते.

२ फेब्रुवारी

उरलेली कार्डं. 'ने': मराठीत घेऊन जा, ग्रीकमध्ये हो, कोरियनमध्येही हो, चेक आणि सर्बियनमध्ये नाही. 'वा': आपल्याकडे दाद, संस्कृतात किंवा (किंवामध्ये तोच लपला आहे), तमिळमध्ये ये. चिनी 'मा'ची चार कार्डं, चार सुरांची: आई, ताग, घोडा, शिवी देणे. देवनागरीत सूर दाखवायची सोय नाही, म्हणून या कार्डांवर बाणाच्या खुणा आणि सोबत ध्वनिमुद्रण.

१६ फेब्रुवारी

मांडणी ठरली. टेबलं पेटीप्रमाणे, भाषेप्रमाणे नाही. योगायोगाचं टेबल दारापाशी, कारण लोक तेच शोधत येणार. प्रत्येक कार्ड उलटं ठेवायचं: वर फक्त आवाज, अर्थ आणि जुनं रूप मागे. आधी पाहुण्यानं पेटी सांगायची, मग उलटायचं. 'प-ह'चा फळा मुलं स्वतः चालवणार. बीदरच्या शिक्षिका आणि मावशी फळ्याच्या दोन बाजूंना बसतील.

२० फेब्रुवारी

हॉल लावून झाला. 'का'च्या कार्डाशी ती दोन मुलं उभी राहतील, तसं त्यांनीच मागून घेतलं.

मांडणीनंतरची कामं लिहून ठेवतो. 'शेजार' पेटीत कोरी कार्डं ठेवली आहेत, उद्या येणाऱ्यांनी आपल्या घरातला शब्द लिहावा म्हणून. ती रोज संध्याकाळी तपासून जुनं रूप शोधायला लावायची. उमरगा आणि निलंगा भागातले कन्नड आवाज अजून घ्यायचे आहेत. किनवटला कोलामी बोलणारी कुटुंबं आहेत, गोंडीवाला विद्यार्थी ओळख करून देणार आहे. मार्चमध्ये तिकडे जायचं, आणि पहिला शब्द दूध विचारायचा.